एक ओळ कशाची?

पिंजऱ्यात शंभर वेळा बिबट्या सापडला, म्हणून बिबटे शंभर झाले का?

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांचा मिळून जुन्नर वनविभाग. इथल्या बिबट्यांच्या कुठल्याही नोंदवहीला आधी हा प्रश्न विचारावा लागतो. उसाच्या फडातून धरला, घाटात नेऊन सोडला आणि काही महिन्यांनी तोच दुसऱ्या गावच्या पिंजऱ्यात आला, तर एकच प्राणी वहीत दोन ओळी अडवतो. ओळ असते पकडण्याच्या घटनेची, आणि बेरीज करणारा ती प्राण्याची समजतो.

डेटाबेस करायला बसणाऱ्याने पहिल्या पानावर लिहून ठेवावा असा प्रश्न : एक ओळ कशाची? याचं उत्तर पक्कं झालं की टेबलं, रकाने, जोडण्या बऱ्याच सरळ सुचत जातात. ते पक्कं नसेल तर कितीही महागडं सॉफ्टवेअर आणा, बेरीज चुकणारच.

*

बिबट्याला आधार कार्ड नाही. अंगावरच्या ठिपक्यांवरून तो ओळखता येतो, पण त्यासाठी चांगला फोटो हवा आणि जाणती नजर हवी. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या इथल्या कामात पकडलेल्या बिबट्यांच्या कातडीखाली छोटी चिप बसवली जाई. चिपचा नंबर एकच, जन्मभर तोच. आमच्या, डेटाबेस करणाऱ्यांच्या भाषेत ही प्रायमरी की.

तिचा उपयोग काय, ते 'आजोबा'ने दाखवलं. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला हा वयस्क नर जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तिथून तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. २०११ मध्ये घोडबंदर रस्त्यावर वाहनाच्या धडकेत एक बिबट्या मेला. तो हाच, हे कळलं चिपच्या नंबरामुळे. की नसती तर एक ओळ नगर जिल्ह्याच्या वहीत राहिली असती, एक ठाण्याच्या, आणि दोन्ही ओळी एकाच जिवाच्या आहेत हे कुणाच्या ध्यानातही आलं नसतं.

*

याच विभागातलं आणखी एक. २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरात शंभरावर बिबटे पकडले गेले (इथेही शंभर पकडी की शंभर प्राणी, हे विचारायला हवंच). त्यांतले बरेच सरासरी चाळीसेक किलोमीटर दूरच्या जंगलात सोडले. त्याआधी, १९९३ पासून, माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. या काळात ते १७ वर गेले. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे निबंधात मांडलं. बिबट्या उचलून दुसरीकडे नेला की प्रश्न सुटतो, या समजाला त्याने धक्का बसला.

हा निष्कर्ष एका वहीतून निघणारा नव्हे. पकडलं कुठे ही एक वही, सोडलं कुठे ही दुसरी, हल्ला कुठे झाला ही तिसरी. तिन्ही जागा आणि तारखा धरून एकमेकींना जोडल्या तेव्हा चित्र दिसलं. वेगवेगळ्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, एवढ्याने डेटाबेस होत नाही.

*

पुस्तकात टप्पे एकाखाली एक असतात. गरजा गोळा करा, संकल्पनेचा आराखडा काढा, त्याची टेबलं पाडा, ती मशीनवर बसवा, जुनी माहिती भरा, तपासा, चालू करा. यात चूक काहीच नाही. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती टेबलांत मांडण्याचा गणिती पाया घातला, पीटर चेन यांनी १९७६ मध्ये वस्तू आणि त्यांची नाती दाखवणारी आकृती दिली, आणि आजही आम्ही त्याच वाटेने जातो.

गोची पहिल्याच टप्प्यात आहे. गरजा 'गोळा' करायच्या म्हणजे त्या कुठेतरी तयार पडलेल्या असतात असं धरून चाललो. प्रत्यक्षात माणसाला आपली गरज सांगता येत नाही. समोर चुकीचं काही ठेवलं की मात्र ते चूक आहे हे तो ताबडतोब सांगतो. नमुना, म्हणजे प्रोटोटाइप, करायचा तो यासाठी. तो आपण काढलेलं उत्तर दाखवायला नसतो, प्रश्न विचारायला असतो.

*

सॉफ्टवेअर कसं बांधावं यावरचा विन्स्टन रॉइस यांचा निबंधही १९७०चाच. टप्प्यांची धबधब्यासारखी उतरंड दाखवणारी आकृती त्यात होती. लोक आकृती घेऊन गेले आणि मजकूर तिथेच ठेवून गेले. त्या मजकुरात रॉइस सांगत होते की नुसतं असं उतरत जाणं धोक्याचं आहे. काम पहिल्यांदाच होत असेल तर आधी छोट्या प्रमाणावर करून पाहा, गिऱ्हाइकाच्या हाती पडेल ती दुसरी आवृत्ती असू द्या.

फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५च्या आपल्या पुस्तकात आणखी स्पष्ट लिहिलं : पहिलं फेकावं लागणार हे धरूनच चाला. वीस वर्षांनी त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना मात्र त्यांनी हे मत बदललं. सबंध एक बांधून फेकण्यापेक्षा लहान चालतं काही उभं करून ते वाढवत न्यावं, असं त्यांना वाटू लागलं होतं. दोन्ही मतं जपून ठेवावीत. कुठलं कधी लागू पडतं ते काम पाहून ठरवायचं.

*

पुणे जिल्ह्याला हा धडा कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी मिळाला आहे.

१८२०च्या दशकाच्या अखेरीला आर. के. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या जमिनींची मोजणी आणि प्रतवारी आरंभली. शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्यावर सारा बसवायचा. हिशेब अतिशय बारीक, त्यामागे अर्थशास्त्राचा ताजा सिद्धान्त. पण निव्वळ उत्पन्न ही चीज बांधावर उभं राहून मोजता येत नाही. खालच्या कारकुनांनी आकडे भरले आणि त्यांवर सारा बसला. तो झेपेना. जमिनी पडीक पडल्या, लोक गाव सोडून गेले, पद्धत मोडली.

१८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर या एका तालुक्यात नव्याने सुरुवात केली. डोळ्यांना दिसेल आणि हाताने मोजता येईल तेवढंच घेतलं : मातीची खोली, तिचा पोत, त्यातले दोष. सोळा आण्यांपासून खाली जमिनीच्या नऊ प्रती. आधी इंदापूर, मग शेजारचे तालुके, आणि नियम पक्के करून लिहिले ते १८४७ मध्ये. हेतू सरकारी तिजोरी भरण्याचाच होता, त्याबद्दल भाबडेपणा नको. पण काम करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. प्रिंगलने मोजता न येणारा रकाना घातला आणि सगळीकडे एकदम लावला. या दोघांनी रकाना सोपा केला आणि तो आधी एका ठिकाणी चालवून पाहिला.

*

नारायणगावचा टोमॅटो बाजार. क्रेटला इथे सगळे कॅरेट म्हणतात. एकात साधारण वीस किलो.

"शेतकऱ्याचं नाव, गाव, माल, भाव, रक्कम. आणखी काय लागतंय?" दिवाणजी म्हणाले. कोऱ्या कागदावर तेवढेच रकाने आखले आणि आदल्या दिवशीच्या पट्ट्यांचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदांचा, गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. भरा म्हटलं.

पहिल्या दोन बसल्या. तिसरीला पेन थांबलं. चाळीस कॅरेट एकाचेच. पंचवीस एका भावाने गेले, दहा दुसऱ्या भावाने, पाच गोल्टी, म्हणजे बारीक माल, म्हणून निघाले.

"भाव कुठला टाकू?"

"एरवी काय करता?"

"तीन ओळी पाडतो. पण पट्टी एकच ना. हमाली एकदाच कापायची."

म्हणजे पट्टी हे एक टेबल आणि पट्टीतल्या ओळी हे दुसरं. हमाली पट्टीला चिकटते, भाव ओळीला. तासभराच्या बैठकीत निघालं नव्हतं ते तिसऱ्या कागदाने काढलं. आणखी थोडा गठ्ठा संपला आणि 'शेतकरी' हा रकानाही फुटला. जमीन वडलांच्या नावावर, माल घेऊन आला मुलगा, पैसे जायचे सुनेच्या खात्यावर. खातेदार, माल आणणारा, पैसे घेणारा : तीन भूमिका, कधी माणूस एक, कधी तीन. दिवाणजींना हे रोजचंच होतं, म्हणूनच त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

कागद आणि पेन. एवढ्यात झालेला हा नमुना, वीज गेली तरी चालणारा.

*

नमुन्यात खोटी माहिती भरू नये. 'अबक पाटील, गाव क्षयज्ञ, १०० किलो' अशा ओळी सगळ्याच रकान्यांत छान बसतात. खऱ्या पट्ट्या, खऱ्या पावत्या, त्यातही चुरगळलेल्या आणि खाडाखोड झालेल्या मागून घ्याव्यात. सरळ वहीतून काही शिकायला मिळत नाही. समासात लिहिलेलं आधी वाचावं. ज्याला रकाना मिळाला नाही ते तिथे जाऊन बसलेलं असतं.

*

एककं. आळेफाटा, ओतूर, मंचर इकडे कांद्याचा भाव दहा किलोवर बोलला जातो, लासलगावला क्विंटलवर. दोन्ही आकडे एका 'भाव' रकान्यात पडले तर मशीन तक्रार करत नाही, गुमान सरासरी काढून देतं. ही चूक दहापटीची, निदान कुणाच्या तरी नजरेत भरते. जमिनीची चूक नजरेत भरतही नाही : एक गुंठा १०१ चौरस मीटरच्या थोडा वर आणि एक आर बरोबर १००. दोन्ही एकाच रकान्यात वर्षानुवर्षं सुखाने नांदतात. आकडा आणि त्याचं एकक वेगळे रकाने असावेत, किंवा रकान्याच्या नावातच एकक असावं.

*

एक्सेलच्या पानावर गट नंबर टाइप करा : ५/२. एंटर दाबा. त्याची तारीख होते, फेब्रुवारीतली नाही तर मे महिन्यातली, मशीनची मांडणी असेल तशी. १२/३ लिहा, तीच गत. खुद्द '७/१२' लिहिलं तरी डिसेंबर नाही तर जुलै उगवतो. आणि ही नुसती दिसण्यातली गंमत नसते. आत साठवला जातो तो तारखेचा आकडा, मूळ गट नंबर गेलेला असतो. मागाहून रकाना 'टेक्स्ट' केला की चाळीस हजारांच्या घरातली एक संख्या दिसते आणि लोक म्हणतात व्हायरस आला.

आपल्या तलाठी कार्यालयांचंच हे दुखणं असं नाही. मानवी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावं चक्क बदलली, कारण 'मार्च' आणि 'सेप्ट' अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावांच्या एक्सेल तारखा करत होतं. प्रोग्रॅम बदलेना, म्हणून शास्त्राने नावं बदलली.

नियम एकच : ज्याची बेरीज-वजाबाकी होत नाही तो आकडा नव्हे, मजकूर. गट नंबर, मोबाइल, पिनकोड, खाते क्रमांक, सगळे मजकूर.

*

गावनमुन्यांकडे डेटाबेसवाल्याच्या नजरेने पाहिलं की मान डोलवावीशी वाटते. नमुना ७ मध्ये जमिनीचा तुकडा आणि त्यावरचे हक्क. ८अ मध्ये खातेदार आणि त्याच्या नावावर गावात काय काय आहे ते. ६ मध्ये फेरफार, म्हणजे घडलेल्या घटना क्रमाने : खरेदी, वारस, बोजा, वाटप. १२ मध्ये दर हंगामाचं पीक. तुकडा, माणूस, घटना, हंगाम. प्रत्येक वहीत एक ओळ कशाची हे ठरलेलं, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर फेरफार क्रमांक छापलेला, म्हणजे हे नाव इथे का आलं ते मागे जाऊन पाहता येतं. कॉड यांच्या सिद्धान्ताच्या कितीतरी आधी महसूल खात्याने हाताने चालवलेली ही पद्धत आहे.

आणि सरकारी वहीतला एक बारकावा आमच्याकडचे शिकलेले प्रोग्रॅमरही विसरतात. 'निरंक' लिहिलेला रकाना आणि कोरा रकाना एक नव्हे. पहिला सांगतो, पाहिलं, काही नाही. दुसरा सांगतो, पाहिलंच नाही. मशीनवर दोन्हींचं शून्य झालं की पंचनाम्याला ज्या वाडीवर कुणी फिरकलंच नाही ती वाडी नुकसान न झालेली ठरते.

*

कुठल्याही गावच्या संस्थेची सभासद यादी जन्मतारखेने लावून पाहा. १ जूनला जन्मलेल्यांची रांग लागते. पूर्वी मुलाला शाळेत घालताना तारीख माहीत नसायची, गुरुजी वर्ष अंदाजाने धरत आणि तारीख १ जून टाकून देत. शाळा जूनमध्ये उघडायची, वय बरोबर बसायचं. गुरुजींचा दोष नाही. फॉर्मवर तारीख सक्तीची होती आणि 'माहीत नाही' लिहायला जागा नव्हती.

सक्तीचा रकाना माणसाला खरं बोलायला लावत नाही, काहीतरी भरायला लावतो. नमुना चालवताना पाहायचं ते हेच : कुठल्या रकान्यात एकच उत्तर वारंवार येतंय? तिथे बहुधा १ जून झालेला असतो.

*

बोऱ्हाडे आणि बोर्‍हाडे. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि मशीनला ही दोन वेगळी आडनावं आहेत, कारण अर्धा र दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवरून आलेला कुऱ्हाडे दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला तर सापडत नाही आणि कारकून बिचारा नव्याने नोंद करतो. त्यात युनिकोडच्या आधी निराळ्या फॉन्टांत टाइप झालेल्या याद्या. त्या उघडल्या की नावाच्या जागी चिन्हांचा खच.

माहिती भरण्याआधी दोन्ही रूपं एका रूपात आणणारा छोटासा प्रोग्रॅम लिहावा लागतो. तो इंग्रजी पुस्तकातल्या टप्प्यांत कुठे नाही. आपल्याकडे त्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. नमुन्यासाठी गाव निवडताना अशा आडनावांचं गाव मुद्दाम निवडावं.

*

आंबेगाव तालुक्यातलं मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचं नाव मात्र आंबेगावच राहिलं, कचेरी घोडेगावला. अहमदनगर आता अहिल्यानगर आहे. तलाठ्यालाही आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं.

नावावर टेबलं जोडणाऱ्यांची अशा वेळी धांदल उडते. जोडणी कोडवर करावी आणि नाव हा त्या कोडचा एक गुण मानावा, कधीपासून कधीपर्यंत अशा तारखांसकट. आणि गाव उठलं म्हणून त्याची ओळ पुसू नये. तिथे जन्मलेल्यांचे दाखले, तिथल्या जमिनींचे जुने फेरफार, पुनर्वसनाचे कागद अजून त्याच नावाने फिरतात. ओळ ठेवावी, शेजारी 'बुडीत' अशी नोंद करावी.

*

हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी घरांचा उन्हाळ्यातला रोख पैसा. कोवळी फळं झाडावर चढून, काठीने झोडून पाडायची, वाळवून काळी पडली की तो बाळहिरडा. मोठ्या हिरड्यापेक्षा त्याला भाव बरा. झाडावरून पडून जायबंदी होणं या भागाला नवं नाही.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि हिरड्याचं मोठं नुकसान झालं. पिकाच्या भरपाईचा हिशेब हेक्टरवर चालतो. हिरडा झाडावर असतो, आणि झाडं विखुरलेली, कुठे मालकीत, कुठे वनात. सात-बाराच्या पिकाच्या रकान्यात त्याला सहजी जागा नाही. भरपाईसाठी लोकांना पुढे कित्येक वर्षं मोर्चे आणि उपोषणं करावी लागली. यात राजकारण आहे, दिरंगाई आहे, सगळं आहे. पण मुळाशी एक साधी गोष्टही आहे : फॉर्म आखणाऱ्याने हिरड्याचं झाड पाहिलं नव्हतं.

वाडीवर बसून कच्चा फॉर्म भरायला घ्या, एका दुपारात निघतं : ओळ झाडाची की घराची? एका झाडावर दोन भावांचा हक्क असेल तर? ओला तोलला की वाळलेला? यातलं एकही उत्तर जिल्ह्याच्या ठिकाणी एसी हॉलमध्ये मिळत नाही.

*

ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची. पहिल्या वर्षी तक्रारी झाल्या. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती आली, आणि तिच्यात केलेली नोंद ४८ तासांत स्वतःला दुरुस्त करता येऊ लागली.

फोटो आणि जीपीएसपेक्षा मला ही ४८ तासांची सोय मोठी वाटते. माणूस बांधावर, उन्हात, स्क्रीन नीट दिसत नसताना नोंद करतो, तेव्हा तो चुकणारच. चूक सुधारायला कचेरीची पायरी चढावी लागू नये, हे पहिल्या आराखड्यात कुणालाच सुचत नाही. वापर सुरू झाल्यावरच सुचतं. सह्याद्रीच्या खोऱ्यांत रेंज नसते, हेही तसंच : नकाशावर दिसत नाही, तिथे उभं राहिल्यावर कळतं.

*

खोडद. नारायणगावपासून जवळच, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी, १६ तीन दिशांना पसरलेल्या, २५ किलोमीटरच्या टापूत. द्राक्षबागांतून आणि उसातून जाताना अचानक एखादी समोर येते.

ही दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप एकदम इथवर आले नव्हते. १९६५च्या सुमारास कल्याणला १.८ मीटरच्या ३२ लहान तबकड्या, ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या. त्यावर सूर्याचा अभ्यास. मग १९७०ला उटीची दुर्बीण. मग खोडदची, जिचं लोकार्पण २००१ मध्ये झालं. लहान, मधलं, मोठं. प्रत्येक वेळी आधीचं चालवून पाहिलेल्या माणसांनी पुढचं बांधलं.

आमच्या धंद्याला धडा आणखी एका गोष्टीचा आहे. २०१० ते २०१२ या काळात इथून १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी झाली, सुमारे २००० तासांची. नव्या गणिती पद्धतीने ती सगळी निरीक्षणं पुन्हा हाताळून २०१७ मध्ये सहा लाखांवर रेडिओस्रोतांची यादी प्रसिद्ध झाली, आकाशाचा ९० टक्के भाग व्यापणारी.  हे जमलं, कारण कच्ची निरीक्षणं कुणी पुसली नव्हती. ओळ काय धरायची याबद्दलचं आपलं मत बदलतं. मूळ नोंद जपलेली असेल तर नव्या मताने सगळं पुन्हा मांडता येतं. नुसती बेरीज ठेवली असेल तर हात चोळत बसायचं.

*

त्याच कल्याणहून जुन्नरला येणारी जुनी व्यापारी वाट म्हणजे नाणेघाट. तिथल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञामागून यज्ञ आणि प्रत्येकाची दक्षिणा आकड्यांनिशी कोरलेली आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. ओळ यज्ञाची, एकक प्रत्येक आकड्याशेजारी. भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात हे आकडे वाचले. दोन हजार वर्षांनी वाचता आले, कारण कशाचे किती ते सोबत लिहिलेलं होतं. दगडावर दुरुस्ती मात्र होत नाही. कोरण्याआधी मजकूर कुठेतरी कच्चा लिहून पाहिला असणारच.

*

नमुन्याचे दोन प्रकार, आणि त्यांची गल्लत हीच खरी डोकेदुखी.

एक फेकायचा. कागद, एक्सेल, चार रंगीत स्क्रीन. त्याच्या आत काही नसतं. प्रश्न विचारून झाले की काम संपलं. दुसरा वाढवायचा. तो लहान असला तरी पाया पक्का हवा : की बरोबर, एककं बरोबर, कोणी काय बदललं याची नोंद, रोजचा बॅकअप.

संकट येतं ते पहिल्याला दुसरा समजल्यावर. फेकायचा नमुना गिऱ्हाइकाला आवडतो. "चालतंय की हे, आता आणखी काय करायचं?" असं म्हणून तो सोमवारी वापरात जातो. वर्षभराने त्यात हजारो ओळी असतात, दोन बोऱ्हाडे असतात, तीन हजार गट नंबरांच्या तारखा झालेल्या असतात, आणि हलवायची हिंमत कुणातच नसते. म्हणून फेकायच्या नमुन्याला मुद्दाम कच्चं रूप द्यावं. हाताने आखलेल्या चौकटी, पेन्सिलीचा रंग, वर ठळक 'कच्चा'. देखणा केला की लोक त्यात दोष काढायला संकोचतात, आणि दोष काढून घेण्यासाठीच तर तो असतो.

*

आता पैशाचं. निविदेत सगळ्या गरजा आधी लिहून मागतात, मग दर, मग मुदत. जो प्रामाणिकपणे म्हणेल की गरजा मला आत्ता ठाऊक नाहीत, एक गाव आणि एक हंगाम द्या, तो पहिल्याच फेरीत बाद. मग सगळेच ठाऊक असल्यासारखं लिहितात, आणि प्रिंगलची गत होते.

छोट्या संस्थांबरोबर मी आता काम दोन भागांत मांडतो. पहिला भाग फक्त नमुन्याचा. एक गाव, त्यांच्याच वह्या, त्यांचाच कारकून, ठरलेली रक्कम. शेवटी हाती देतो ते दोन-तीन पानांचं उत्तर : इथे एक ओळ कशाची, कोणते रकाने सांगितले होते आणि कोणते निघाले, काय मोजता येत नाही. पुढचं काम माझ्याकडून करून घ्यायचं की दुसऱ्याकडून, की वहीच बरी, हे त्यांनी ठरवायचं. एका संस्थेने वहीच ठेवली. तीन ओळींच्या पट्टीसाठी वहीत नवी चौकट आखून घेतली आणि कारकुनाचा रोजचा तासभर वाचला. त्या कामाचे पैसे मी पूर्ण घेतले.